पंपाचं बटण वेगळं

जिल्हा कोर्टाच्या फाटकासमोर, कडुलिंबाखाली,
माझी पत्र्याची टपरी एकोणतीस वर्षांची.
आधी टाइपरायटर होता.
ओळ संपली की घंटी वाजायची,
तेवढाच त्याचा नखरा.

आता हा संगणक.
परवा रात्री स्वतःच स्वतःला सुधारून बसला
आणि सकाळी खिडक्या उघडेनात,
उमलायला लागल्या.
बंद कर म्हटलं तर विरघळतात,
खाली ठेव म्हटलं तर
बिळात शिरणाऱ्या धामणीसारख्या
चिंचोळ्या होत तळाशी जातात.
पुढच्यातून मागचं धूसर दिसतं,
मोतीबिंदू पिकल्यावर दिसतं तसं.

माझ्या डाव्या कानात काहीतरी डोलतं.
डॉक्टर बावनकर म्हणतात, तोल तिथंच राहतो.
दुपारपर्यंत सात प्रतिज्ञापत्रं,
एकेकाला चाळीसदा खिडकी बदलायची,
चाळीसदा जमीन जरा कलते.
अकराला मी टेबलाची कड धरून बसले
तर पक्षकार म्हणाला, बाई, ऊन लागलं का?
ऊन नव्हतं.
सावली होती,
खिडकीखाली कुणीतरी हौसेनं घातलेली.

प्रज्योत गजभिये आला, पाठीला बॅग.
"काहून बंद करता मावशी,
किती भारी दिसून राहिलं!
कंपनीनं विचार करूनच देल्लं असन ना."
दिसतंच भारी. मी कुठं नाही म्हटलं?
तुला दिसू दे बापा.
मी कुणाच्या लग्नातली रोषणाई फोडायला निघाले नाही.

त्याला म्हटलं, हा कूलर बघ.
इतवारीतल्या बशीरभाईंनी ठोकलेला.
पत्रा, वाळ्याच्या ताट्या, एक मोटर.
चौथी शिकलेला माणूस,
पण बटणं दोन लावली:
पंख्याचं वेगळं, पंपाचं वेगळं.
त्यांना ठाऊक होतं,
मे महिन्यात जीव वाचवणारं पाणीच
हवा ओली झाली की अंगाला चिकटतं.
तेव्हा पंप बंद, पंखा चालू.
कधी, ते त्यांनी ठरवलं नाही.
एक बटण जास्त लावलं
आणि माझ्यावर सोडलं.

प्रज्योत हसला. मग शोधायला बसला.
सेटिंगच्या आत सेटिंग, तिच्याही आत,
माळ्यावरच्या ट्रंकेतल्या डब्यातला बटवा जणू.
शेवटी 'सुलभता' नावाच्या खोलीत,
ज्यांना कमी दिसतं, कमी ऐकू येतं त्यांच्या रांगेत,
सापडलं: हालचाल कमी करा.
मी दाबलं.
ते बटणसुद्धा डौलात सरकलं,
निळ्याचं राखाडी होत.
जाता जाता शेवटचा नखरा.

मग शांत.
खिडकी आहे. खिडकी नाही.
मधे काही नाही.

चारला सुभद्राबाई उईके आल्या, रामटेककडच्या.
वारसाचा अर्ज.
स्टुलावर बसून पडद्यातलं
नवऱ्याचं नाव बघत होत्या,
अक्षर येत नाही, पण हे एवढं ओळखतात.
मी दुसरी फाइल घ्यायला अर्ज खाली ठेवला.
फट्कन गायब.
त्यांनी माझं मनगट धरलं.
"कुठी गेला वं बाई? आत्ता तं होता!"

आहे, म्हटलं. आत आहे.
मनगट सुटेना.

मग त्या सगळ्या खोल्यांतून
पुन्हा गेले, एकटी, दोनदा चुकत,
आणि चालू केलं.
अर्ज हळूहळू आकसत,
नवऱ्याच्या नावासकट
खालच्या पट्टीत जाऊन बसला.
"हां," म्हणाल्या. "तठी हाये."
मी टेबलाची कड धरून होते.

त्या गेल्यावर बंद केलं.
उद्या प्रज्योतला सांगेन,
हे पाचव्या खोलीत नको रे,
दाराशी आणून ठेव.

सहा वाजता कूलरची टाकी संपली,
पंप कोरडा घरघरला.
मी टाइप करत होते, ओळ अर्धी होती.
न बघता हात मागे गेला,
बरोबर दुसऱ्या बटणावर.